सांडलेलें तेल आणि डांबरी वाट



दुसऱ्याच्या घरीं कामाला गेलेल्या माणसाच्या हातून त्या घराच्या वस्तूचें नुकसान झालें, तर पहिल्या पंधरा मिनिटांत त्यानें काय करावें, ह्याविषयीं आज मी बोलणार आहें. माझें उदाहरण तेलाच्या एका डागाचें आहे. विषय ओंगळ वाटेल. परंतु हा प्रसंग मीं स्वतः पाहिला आहे, आणि त्यांत जितकें रसायनशास्त्र होतें तितकाच माणसाचा धीरहि होता.

माझा एक पुतण्या अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांतील एडिसन गांवाजवळ राहतो. मोटारदुरुस्ती हा त्याचा धंदा. पण त्याला दुकान नाहीं. हत्यारांनीं भरलेली एक बंदिस्त गाडी घेऊन तो गिऱ्हाइकाच्या दारांत जातो, आणि तेथेंच मोटारीचें तेल बदलणें, ब्रेक बसविणें अशीं कामें करतो. एका उन्हाळ्यांत मी त्याच्याकडे राहावयास गेलों असतां हौसेनें त्याच्याबरोबर कामावर गेलों.

तेथील घरांची रचना आधीं सांगितली पाहिजे. सार्वजनिक रस्त्यापासून घराच्या गॅरेजपर्यंत एक खाजगी वाट असते. तिला ड्राइव्हवे म्हणतात. ती बहुधा डांबराची असते, आणि आपण दिवाणखान्याच्या फरशीला जपतों तसा घरमालक तिला जपतो. हिवाळ्यांत तिच्यावरचें बर्फ काढावयाचें, कांहीं वर्षांनीं तिला काळा लेप द्यावयाचा, असा तिचा सांभाळ चालतो. त्या दिवशींचें गिऱ्हाईक म्हणजे एक सेवानिवृत्त शिक्षिका होत्या. त्यांनीं ती वाट त्याच वसंत ऋतूंत नव्यानें करून घेतली होती, आणि दार उघडतांच त्यांनीं आम्हांला ती अभिमानानें दाखविलीहि होती.

पुतण्याचा मदतनीस वीस वर्षांचा एक मराठी मुलगा. मोटारीखालून जुन्या तेलाचें पसरट भांडें ओढतांना त्याची कड कशांत तरी अडकली, आणि सुमारें पांच लिटर कढत, काळें तेल त्या नव्या वाटेवर उपडें झालें. वाटेला रस्त्याकडे उतार होता. तेलाला तेवढेंच हवें होतें.

"दादा, नळ कोठें आहे? भराभर पाणी मारूं," मुलगा म्हणाला.

"पाण्याला हात लावूं नकोस. गाडींतलें मातीचें पोतें आण."

मुलाच्या मनांत जें आलें तेंच तुमच्या-माझ्या मनांत आलें असतें. घाण झाली कीं पाणी ओतणें हा आपला पिढीजात संस्कार आहे. परंतु तेल पाण्यांत विरघळत नाहीं. तें पाण्यावर तरंगतें आणि पसरतें. पावसाळ्याच्या पहिल्या सरीनंतर आपल्या रस्त्यांवर जे इंद्रधनुष्यी रंग दिसतात, आणि ज्यांवरून दुचाकीस्वार घसरतात, तें हेंच तेल. हातभर डागावर पाणी मारलें, तर तो खोलीभर होतो. शिवाय तेथील वस्तींतून रस्त्याकडेच्या जाळींत शिरणारें पावसाचें पाणी बहुतेक ठिकाणीं कोणतीहि शुद्धि न होतां सरळ ओढ्याला आणि नदीला मिळतें. एडिसनजवळून रॅरिटन नदी वाहते. एका मोटारीचें एका वेळीं बदललेलें तेल १० लाख गॅलन गोडें पाणी दूषित करूं शकतें, असें अमेरिकेचें पर्यावरण संरक्षण खातें सांगतें. पाणी मारून डाग दृष्टीआड झाला असता. पण तो नदीच्या वाट्याला गेला असता.

पुतण्यानें प्रथम उताराच्या बाजूला मातीचा बांध घातला. मग कडेकडून मध्याकडे अशी माती पसरली, आणि बुटानें ती तेलांत रगडली. ही माती म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या स्त्रिया चेहऱ्याला लावतात त्या मुलतानी मातीच्या जातीची, भाजून दाणेदार केलेली माती होय. तिच्या अंगीं तेल शोषून घेण्याचा गुण आहे. तेथें ती वाण्याच्या दुकानांत मांजरांसाठीं मिळते, आणि त्याची कथा गमतीची आहे. १९४७ सालीं मिशिगन राज्यांतील एडवर्ड लो ह्या तरुणानें तेल-ग्रीस टिपण्याची ही माती एका शेजारणीला तिच्या मांजरासाठीं दिली, आणि त्यांतून एक मोठा व्यापार उभा राहिला. आज मोटारवाला घाईच्या वेळीं मांजराची माती विकत घेतो, हें एका अर्थानें तिचें माहेरीं परत येणेंच आहे.

आतां, एवढी धांदल कशासाठीं, असें कोणी विचारील. शहाबादी फरशीवर किंवा काँक्रीटवर तेल सांडलें तर फक्त डाग पडतो. वस्तु शाबूत राहते. डांबराचें तसें नाहीं. डांबरी वाटेंत वजनानें सुमारें ९५ टक्के खडी आणि वाळू असते. उरलेलें सुमारें ५ टक्के डांबर त्या सर्वांना धरून ठेवतें. हें डांबर खनिज तेलाच्या ऊर्ध्वपातनानंतर तळाशीं उरणारा गाळ आहे. पेट्रोल, डिझेल, इंजिनाचें तेल हीं सारीं त्याच कुळांतलीं भावंडें. म्हणूनच तीं डांबरांत सहज मिसळतात, त्याला मऊ करतात, आणि खडीची पकड सोडवितात. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, ही म्हण येथें अक्षरशः लागू पडते. पेट्रोल लवकर उडून जातें, म्हणून त्याला मुरावयास वेळ कमी मिळतो; डिझेल उडत नाहीं, तें आंत मुरत राहतें. इंजिनाचें तेल सावकाश काम करतें, एवढाच दिलासा. नवें डांबर पुरतें कठीण झालेलें नसतें, त्यामुळें त्याला भय अधिक. पुढच्या वेळीं पेट्रोलपंपावर गेलांत तर पायाखालीं पाहा. बाहेरचा रस्ता डांबरी असला, तरी गाड्या जेथें उभ्या राहतात ती जागा बहुधा काँक्रीटची किंवा पेव्हर ब्लॉकची केलेली आढळेल. त्याचें कारण हेंच.

माती तेल पीत होती. मुलगा हळूच म्हणाला, "दादा, बाई आंत आहेत. आपली गाडी पुढें घेऊन ह्याच्यावरच उभी करूं. निघेपर्यंत वाळेल."

पुतण्यानें उत्तर दिलें नाहीं. हात पुसून तो पायऱ्या चढला आणि त्यानें घंटा वाजविली. मला कबूल केलें पाहिजे, त्या क्षणीं मला मुलाचा सल्ला फारसा वाईट वाटला नव्हता.

बाई बाहेर आल्या आणि बराच वेळ नुसत्या पाहत राहिल्या. "निघेल का?" एवढेंच त्यांनीं विचारलें. "काळेपणा बहुतेक निघेल," पुतण्या म्हणाला, "पण खालचें डांबर मऊ पडलें आहे कीं नाहीं, हें मला आज सांगतां येणार नाहीं. दोन आठवड्यांनीं उन्हाच्या वेळीं येऊन पाहीन. मऊ पडलें असेल, तर तेवढा भाग माझ्या खर्चानें बदलून देईन." आणि हें सारें त्यानें बिलाच्या पाठीवर लिहून सही केली. अशा वेळीं "कांहीं होत नाहीं, सगळें साफ होईल," हें आश्वासन जिभेवर चटकन येतें. त्यानें तें दिलें नाहीं, ह्याचें मला कौतुक वाटलें.

पहिली माती झाडून ती झांकणाच्या डब्यांत भरली, दुसरा थर टाकला, आणि तो दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला. मग भांडीं घासण्याचा पातळ साबण, थोडें कोमट पाणी आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन जागा घासली. तारेचा ब्रश नव्हे. त्यानें खडी उखडते. तें धुवणहि मातीनेंच टिपून घेतलें, आणि डबा तेल गोळा करणाऱ्या केंद्रावर पोंचविला. रॉकेल, टर्पेंटाइन, किंवा संत्र्याच्या सालीच्या अर्काचें द्रावण वापरण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्यांनीं तेल विरघळतें हें खरें. पण त्यांनीं डांबरहि विरघळतें.

डागावर काळा लेप फांसून मोकळें होण्याची युक्तीहि तेथें प्रचलित आहे. तेलकट जागेवर तो लेप धरत नाहीं. आधीं वेगळा अस्तराचा हात न दिला, तर त्याचे पापुद्रे सुटतात. येथें आपल्या भाषेनें एक घोटाळा करून ठेवला आहे. दगडी कोळशापासून निघणारें काळें द्रव्य आणि खनिज तेलाचा गाळ, ह्या दोन निराळ्या वस्तूंना आपण एकच ‘डांबर’ म्हणतों. कोळशाच्या डांबराला पेट्रोल-तेल सहसा बाधत नाहीं, म्हणून त्याचे लेप अमेरिकेंत एके काळीं लोकप्रिय झाले. परंतु त्यांत कर्करोगाला कारण होणारीं द्रव्यें असतात, व तीं झिजून पावसाबरोबर ओढ्यांत जातात. त्यामुळें टेक्ससमधील ऑस्टिन शहरानें २००६ सालीं आणि वॉशिंग्टन राज्यानें २०११ सालीं त्यांवर बंदी घातली.

दोन आठवड्यांनीं मी मुद्दाम पुतण्याबरोबर गेलों. काळेपणा जवळजवळ गेला होता, आणि बाई समाधानी दिसत होत्या. पुतण्यानें भर दुपारच्या उन्हांत स्क्रूड्रायव्हरची मूठ जागोजाग दाबून पाहिली. कडेला कांहीं वाटलें नाहीं; मध्यें मात्र ती रुतली, आणि नखानें एक खडा सुटून वर आला. बाईंना तो दिसला नव्हता. त्यानें तो उचलून त्यांच्या हातावर ठेवला.

वाट करणाऱ्या कंत्राटदारालाच बोलावून दोन फुटांचा चौकोन सरळ कडांनीं कापून काढला, आणि त्यांत गरम डांबरी खडी भरून ती दाबून बसविली. पुतण्याची त्या आठवड्याची बरीचशी कमाई त्यांत गेली. तो चौकोन आजूबाजूपेक्षां थोडा अधिक काळा दिसतो आणि अजून ओळखूं येतो. पुढच्या वर्षीं बाईंनीं ब्रेकच्या कामासाठीं त्याला पुन्हां बोलावलें, तेव्हां त्या मुलानें, कोणी न सांगतां, मोटारीखालीं आधीं ताडपत्री आणि तिच्यावर पुठ्ठा अंथरला.