विशेषनाम आणि मोठें अक्षर

इंग्रजी व्याकरणांतील सामान्यनाम व विशेषनाम हा भेद बहुतेक घरांत एका वाक्यांत आटोपतो: पहिलें अक्षर मोठें असेल तें विशेषनाम. वाचतांना ही खूण थोडीबहुत उपयोगी पडते. लिहावयास बसलें कीं ती निरुपयोगी ठरते. आपल्या देवनागरींत लहान अक्षर आणि मोठें अक्षर असा भेदच नाहीं. ‘नदी’ काय आणि ‘तापी’ काय, आपण सारख्याच अक्षरांनीं लिहितों. म्हणून मराठी मुलाला तें मोठें अक्षर कोठें घालावें हें अर्थावरूनच ठरवावें लागतें. कांहीं मुलें शंकेला जागा नको म्हणून सगळ्याच नामांना मोठें अक्षर देतात! जर्मन भाषेंत तें शोभलें असतें. तेथें प्रत्येक नामाचा आरंभ मोठ्या अक्षरानेंच होतो.

अर्थाची कसोटी अशी: हें नांव त्या जातींतील कोणालाही चालेल, कीं एकालाच ओळखण्याकरितां ठेवलेलें आहे? प्रकाशें येथें गोमाई तापीला मिळते. ‘नदी’ हा शब्द त्या दोघींनाही चालतो. ‘गोमाई’ म्हटलें कीं तापी बाजूला राहते. इंग्रजींत नदीच्या नांवापूर्वीं ‘द’ येतो, गांवाच्या नांवापूर्वीं सहसा येत नाहीं. पण ‘द’ लागला म्हणून तापी कांहीं सामान्यनाम होत नाहीं. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून एक नवा जिल्हा निघाला. येथें ‘नवा जिल्हा’ यांतील जिल्हा लहान अक्षराचा. ‘नंदुरबार जिल्हा’ असें पुरें नांव लिहिलें कीं तोच शब्द नांवाचा भाग होऊन मोठें अक्षर घेतो.

आमच्या खानदेशांत खरी परीक्षा ‘पाटील’ या शब्दाची. पाटील हें गांवचें पद, आणि पाटील हें घरोघरचें आडनांवही. १९६२ च्या कायद्यानें महसुली पाटलांचें पद रद्द झालें. पोलीस पाटील मात्र आजही आहेत. आतां ‘पाटलांनीं पंचनाम्यावर सही केली’ हें वाक्य घ्या. गांवांत कोणालाही विचारावें लागत नाहीं; पाटील कोणते तें सर्वांना ठाऊक असतें. परंतु प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयांत गेलें कीं त्याच कागदाचें इंग्रजी भाषांतर होतें. तेथें ‘द’ घालून लहान अक्षरानें ‘पाटील’ लिहिलें तर सही पदाधिकाऱ्याची ठरते. ‘द’ गाळून मोठ्या अक्षरानें लिहिलें तर ती पाटील आडनांवाच्या कोणा एका गृहस्थाची, कदाचित् शेजारच्या शेतकऱ्याची. मूळ मराठींत न दिसणारा हा निवाडा भाषांतरकाराला करावाच लागतो. गांव न पाहिलेला न्यायाधीश त्याच्या एका अक्षरावर विसंबतो. माझ्या मतें हें उदाहरण शाळेंत ‘राम’ आणि ‘मुलगा’ यांच्याआधीं शिकवावें.

उलट प्रवासही होतो. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबारांत शिरीषकुमार मेहता व त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळीबारांत हुतात्मे झाले. ‘प्रत्येक शाळेंत एक शिरीषकुमार असावा’ असें कोणी लिहिलें, तर तें नांव त्या मुलापुरतें उरत नाहीं, तशा सर्व मुलांचें होतें. इंग्रजींत त्याच्यामागें ‘अ’ लागतो, अनेकवचनही होतें. मोठें अक्षर मात्र कायम राहतें.