जुनी मोटार, नवी मोटार आणि सरकारी सवलत
(तालुका मेळाव्यात प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



जुनी वाहने मोडीत काढण्याच्या धोरणाविषयी चार शब्द सांगावेत अशी सूचना मला झाली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी कलाशाखेचा पदवीधर. इंजिनाचे झाकण उघडून आत काय चालले आहे हे सांगण्याची माझी पात्रता नाही. परंतु शासकीय योजनांची पत्रके लिहिण्यात बरीच वर्षे गेल्यामुळे, योजनेतील कोणत्या अटीचा परिणाम कोठे होतो, हे पाहण्याची सवय मात्र जडली आहे. त्याच सवयीच्या बळावर आज बोलतो.

गावोगावी एक प्रश्न हमखास विचारला जातो: "जुनी गाडी दिली तर सरकार किती पैसे देते?" या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी, ज्या देशाच्या सरकारने खरोखरच असे रोख पैसे दिले, त्या अमेरिकेची हकिगत सांगणे मला उपयुक्त वाटते. तेथे जे घडले त्याचा हिशेब आता अभ्यासकांनी मांडून ठेवला आहे आणि तो आपल्यालाही विचार करावयास लावणारा आहे.

२००८ च्या जुलैमध्ये खनिज तेलाचा भाव पिंपाला १४० डॉलरच्या वर गेला. पाठोपाठ मोठी मंदी आली. मोटारींचा खप कोसळला आणि २००९ मध्ये क्रायस्लर व जनरल मोटर्स या दोन बलाढ्य कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. कारखाने चालू राहावेत आणि इंधनही वाचावे, असा दुहेरी हेतू धरून तेथील संसदेने कायदा केला आणि अध्यक्ष ओबामा यांनी २४ जून २००९ रोजी त्यावर स्वाक्षरी केली. लोकांनी या योजनेला 'खटाऱ्याला रोकड' अशा अर्थाचे नाव दिले.

योजना दिसावयास साधी होती. जुनी मोटार गॅलनला १८ मैल किंवा त्याहून कमी चालणारी, म्हणजे आपल्या हिशेबाने लिटरला साधारण साडेसात किलोमीटर देणारी असावी. ती २५ वर्षांच्या आतली, चालू स्थितीतली आणि किमान एक वर्ष त्याच मालकाच्या नावावर, विमा उतरवलेली असावी. नवी मोटार गॅलनला किमान २२ मैल देणारी आणि ४५ हजार डॉलरपेक्षा अधिक किमतीची नसावी. जुन्यापेक्षा नवी मोटार गॅलनला ४ मैल अधिक देत असेल तर ३५०० डॉलर आणि १० मैल किंवा त्याहून अधिक देत असेल तर ४५०० डॉलर सूट. त्या वेळच्या दराने ही मोठी रक्कम दोन लाख रुपयांच्या वर जाते. जीप, पिकअप अशा गाड्यांसाठी अटी याहून सैल होत्या.

लोकांची झुंबड उडाली. मंजूर झालेले १०० कोटी डॉलर सुमारे एका आठवड्यात संपत आले. ऑगस्टमध्ये आणखी २०० कोटी द्यावे लागले आणि २४ ऑगस्टला योजना बंद झाली. एवढ्या थोड्या अवधीत सुमारे ६ लाख ७८ हजार मोटारी बदलल्या गेल्या आणि सुमारे २८५ कोटी डॉलर खर्च पडले. कागदपत्रांचा असा डोंगर साचला की, विक्रेत्यांचे पैसे अडकले आणि अर्ज तपासण्यासाठी बाहेरून माणसे आणावी लागली. येथे बसलेल्या कार्यालयीन बंधूंना त्या कारकुनांची दया यावी!

जुन्या मोटारीचे पुढे काय होत असे, हे ऐकण्याजोगे आहे. ती पुन्हा रस्त्यावर येऊ नये यासाठी इंजिनातील तेल काढून त्यात सोडियम सिलिकेटचे द्रावण, म्हणजे पाण्यात विरघळलेली काच, सुमारे दोन लिटर ओतीत. मग इंजिन चालू करीत. उष्णतेने पाणी उडून जाई, काच आतल्या भागांवर बसे आणि काही मिनिटांत इंजिन कायमचे जाम होई. बाकीचे सुटे भाग विकण्यास मुभा होती. सांगाडा मात्र १८० दिवसांत चिरडावा लागे. आमच्याकडे एखादा मेस्त्री तीन मोडक्या गाड्यांतून एक चालती गाडी उभी करतो. धडधाकट इंजिने अशी मारलेली पाहून त्याच्या जिवाला काय वाटले असते, असा विचार माझ्या मनात आल्यावाचून राहिला नाही. अमेरिकेतही गरिबांना स्वस्तात मिळू शकणाऱ्या गाड्या नष्ट होत आहेत, अशी टीका त्या वेळी झाली होती आणि तिच्यात तथ्य होते. ज्याला नवी मोटार घेणे मुळीच परवडत नाही, त्याच्यासाठी या योजनेत काहीच नव्हते.

आता इंधनाचा हिशेब पाहू. मोडीत गेलेल्या मोटारी सरासरीने गॅलनला १५.८ मैल देत होत्या, तर नव्या २४.९ मैल देणाऱ्या होत्या. बदली म्हणून आलेल्या जुन्या गाड्यांत फोर्ड एक्सप्लोरर ही अवजड गाडी आघाडीवर, तर नव्या खरेदीत टोयोटा कोरोला पहिली. म्हणजे बदल चांगलाच झाला.

परंतु अट बारकाईने पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते. शिक्षकबंधूंनी हे उदाहरण वर्गात फळ्यावर अवश्य घालावे. एक गाडी लिटरला ६ किलोमीटर देते, तिच्या जागी ८ देणारी आणली. दुसरी १५ देते, तिच्या जागी २० देणारी आणली. कोणत्या बदलाने अधिक इंधन वाचेल? पाच मोठे की दोन, असे पाहून आपण चटकन दुसरीकडे बोट दाखवतो. वर्षाला १२ हजार किलोमीटर धरा. पहिली गाडी २००० लिटरवरून १५०० लिटरवर येते, वाचले ५०० लिटर. दुसरी ८०० वरून ६०० वर येते, वाचले अवघे २०० लिटर. ड्यूक विद्यापीठातील लॅरिक आणि सोल या दोन अभ्यासकांनी २००८ मध्येच या फसगतीकडे लक्ष वेधले होते. तरी २००९ च्या कायद्यात सूट ठरली ती मैलांच्या फरकावर! १२ मैलांवरून २२ वर जाणाऱ्याला ४५०० डॉलर आणि १८ वरून २८ वर जाणाऱ्यालाही ४५०० डॉलर. १० हजार मैलांच्या प्रवासात पहिल्याचे सुमारे ३७९ गॅलन वाचतात, दुसऱ्याचे सुमारे १९८. सूट मात्र समसमान.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे, गाडी वर्षाला किती चालते हे योजनेने विचारलेच नाही. केवळ रविवारी बाहेर निघणारी मोटार आणि रोज शंभर मैल धावणारी मोटार, दोघींना एकच माप लागले.

कारखान्यांच्या बाबतीत काय झाले? मियान आणि सूफी या अर्थशास्त्रज्ञांनी आकडे तपासले, तेव्हा जुलै-ऑगस्ट २००९ मध्ये सुमारे ३ लाख ७० हजार मोटारी जास्त खपल्या असे दिसले. पण २०१० च्या मार्चपर्यंत जवळजवळ तेवढाच खप कमी झाला. जे लोक पुढे काही महिन्यांत मोटार घेणारच होते, त्यांनी ती आधी घेतली, इतकेच. टेक्सास राज्यातील आकड्यांवरून होएक्स्ट्रा, पुलर व वेस्ट यांनी तर आणखी चमत्कारिक निष्कर्ष काढला. सूट मिळवण्यासाठी लोकांनी लहान, कमी तेल पिणारी आणि म्हणून स्वस्त मोटार घेतली, त्यामुळे नव्या मोटारींवर होणारा एकूण खर्च उलट घटला. इंधनाच्या अटीने कारखान्याच्या हेतूला छेद दिला.

जर्मनीने त्याच वर्षी वेगळी वाट धरली. तेथे किमान ९ वर्षे जुनी मोटार मोडीत काढून नवी घेणाऱ्याला २५०० युरो मिळाले. इंधनाच्या वापराचा प्रश्नच नव्हता, फक्त वय पाहिले. सुमारे २० लाख मोटारी बदलल्या गेल्या आणि ५०० कोटी युरो संपले. मोडीत गेल्याचे दाखवलेल्या काही मोटारी परदेशी विकल्या गेल्याच्या तक्रारी मागाहून निघाल्या. इंजिनात काच ओतण्याचा अमेरिकन कठोरपणा त्यावरून थोडा समजू लागतो.

आता आपल्या घराकडे येऊ. आपल्या देशाचे वाहन मोडीत काढण्याचे धोरण पंतप्रधानांनी १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर केले. या धोरणात खासगी गाडीचे केवळ वय पाहून ती मोडीत काढावयाची नाही. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करताना गाडी तपासणीत उतरते की नाही, हा मुद्दा आहे. (दिल्ली परिसराचे नियम निराळे आहेत, ते येथे लावून कोणी घाबरवीत असेल तर घाबरू नये.) सरकारी गाड्यांना मात्र ही मुभा ठेवलेली नाही. काही विशेष वाहने वगळता, १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी चालू राहत नाही. ज्या जीपवर कर्णा बांधून आम्ही याच तालुक्यात हिंडलो, ती आमची जीपही त्यातच गेली.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर असे की, या केंद्रीय धोरणानुसार सरकारी तिजोरीतून रोख रक्कम हातात पडत नाही. नोंदणीकृत मोडकेंद्राकडून लोखंड-पत्र्याची किंमत मिळते, धोरणाच्या अंदाजाने ती नव्या गाडीच्या शोरूममधील किमतीच्या ४ ते ६ टक्के. केंद्र गाडी ताब्यात घेऊन 'जमा प्रमाणपत्र' देते. ते दाखवून नवी गाडी घेतल्यास राज्याच्या मोटार करात खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत आणि व्यावसायिक वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देता येते. 'पर्यंत' हा शब्द ध्यानात ठेवावा. उत्पादकांनी ५ टक्के सूट द्यावी असा धोरणात सल्ला आहे, पण सल्ला म्हणजे सक्ती नव्हे. विक्रेत्याकडून आकडा लिहून घ्यावा. ज्याला नवी गाडी घ्यावयाचीच नाही, त्याला हे प्रमाणपत्र दुसऱ्याला विकता येते. अमेरिकेच्या योजनेत नसलेली ही सोय आपल्याकडे आहे, पण फार थोड्यांना ठाऊक आहे.

मग गाडी द्यावी की ठेवावी? पेट्रोल शंभर रुपये लिटर धरू. तुमची जुनी मोटार लिटरला ८ किलोमीटर देते आणि देवळाला, बाजाराला मिळून वर्षाला ३००० किलोमीटर चालते. १८ किलोमीटर देणारी नवी घेतली तर वर्षाला सुमारे २०८ लिटर, म्हणजे २१ हजारांच्या आत बचत. तेवढ्यासाठी पाच-सहा लाखांचे कर्ज काढण्यात अर्थ नाही, मग सवलत कितीही असो. पण मासळी किंवा भाजी घेऊन वर्षाला ३० हजार किलोमीटर धावणारी पिकअप १० ऐवजी १५ देऊ लागली, तर १००० लिटर वाचतात. डिझेलचा भाव नव्वद रुपये धरला तरी वर्षाला ९० हजार झाले. त्या माणसाने मात्र गांभीर्याने विचार करावा. २०१२ आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्यावर डिचोली-सत्तरीच्या कित्येक अंगणांत टिपर उभे राहिले. उभा टिपर तेल पीत नाही, पण गंजाने त्याच्या पत्र्याची किंमत मात्र खाल्ली जाते.

शेवटी भंगारअड्ड्याविषयी. माझ्या एका शिक्षक स्नेह्यांनी जुनी व्हॅन रस्त्याकडेच्या अड्ड्यावर दिली. दोन-चार हजार अधिक मिळाले म्हणून समाधानी होते. वर्षभराने कराच्या थकबाकीची नोटीस त्यांच्याच नावाने आली. गाडीचा पत्ता नाही आणि नोंदणी मात्र जिवंत! मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५५ अन्वये गाडी नष्ट झाली किंवा कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवून नोंदणी रद्द करून घेणे ही मालकाची जबाबदारी आहे. त्याच गाडीने दुसऱ्याच्या हाती अपघात केला असता, तर प्रसंग नोटिशीवर निभावला नसता. नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव तोच भरपाईसाठी मालक समजला जातो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आहे.

म्हणून गाडी मोडीत देणाऱ्यांनी केंद्र नोंदणीकृत असल्याची खात्री करावी, नोंदणीपुस्तक व कराच्या पावत्या बरोबर न्याव्यात, जमा प्रमाणपत्र हातात घेतल्याखेरीज किल्ली देऊ नये आणि त्यावरील मुदत त्याच दिवशी वाचावी. स्नेह्यांच्या प्रकरणात अखेर प्रतिज्ञापत्र करून, तीन फेऱ्या मारून नोंदणी रद्द झाली. अर्जाचे नमुने मी बरोबर आणले आहेत. ते दाराजवळच्या टेबलावर आहेत. ज्यांच्या गाडीला १५ वर्षे होत आली आहेत, त्यांनी नोंदणीची तारीख सांगावी, आपण येथेच बसून पाहू.