नीलकमलची रात्रपाळी

दक्षिणारंजन मित्र मजुमदार यांनी मैमनसिंग भागातील खेड्यापाड्यांतून वृद्ध स्त्रियांच्या तोंडून ऐकलेल्या कथांचा ‘ठाकुरमार झुली’, म्हणजे आजीची पोतडी, हा बंगाली संग्रह १९०७ साली प्रसिद्ध झाला, आणि वंगभंगाविरुद्धची स्वदेशी चळवळ ऐन भरात असताना निघालेल्या या पुस्तकाला रवींद्रनाथ ठाकूर यांची प्रस्तावना लाभली. संग्रहातील ‘रूपतरासी’ हा विभाग राक्षसकथांचा असून त्यातील नीलकमल आणि लालकमल यांची कथा भयकथा म्हणून सर्वांत समर्थ आहे, कारण तिचा नायक ज्यांच्याशी लढतो त्यांच्याच रक्ताचा आहे.

राजाच्या दोन राण्यांपैकी एक माणसाच्या रूपात वावरणारी राक्षसी; तिचा मुलगा अजित आणि मानवी राणीचा मुलगा कुसुम यांचा एकमेकांवर विलक्षण जीव. राक्षसी सवतीच्या मुलाला गिळते आणि भावासाठी तिच्यावर धावून गेलेल्या पोटच्या मुलालाही गिळते. पुढे तिच्या पोटातून सोन्याचा व लोखंडाचा असे दोन गोळे बाहेर पडतात आणि त्यांतून लालकमल व नीलकमल या नावांनी दोघे भाऊ पुन्हा जन्म घेतात. लोखंडातून आलेला नीलकमल हा राक्षसीचा मुलगा. आईने टाकलेला, आणि माणसांतही पुरता न मावणारा.

हे भाऊ ज्या राज्यात पोचतात तेथे रात्री खोक्कस येतात. खोक्कस म्हणजे बंगाली कथांमधील राक्षसांच्या जातकुळीचे नरभक्षक प्राणी. पहाऱ्याला बसताना नीलकमल भावाला एकच ताकीद देतो, की कोणी विचारले तर आधी नीलकमलचे नाव घ्यायचे. दाराबाहेरून कोण जागे आहे अशी विचारणा होते आणि ते नाव ऐकताच खोक्कस बिचकतात. खात्री करण्यासाठी त्यांनी नखे दाखवायला सांगितली की तलवारीचे टोक पुढे केले जाते, थुंकी मागितली की दिव्यातले कढत तूप बाहेर फेकले जाते. नंतर नीलकमलचा डोळा लागतो, पेंगुळलेला लालकमल चुकून स्वतःचे नाव आधी घेतो, आणि त्याच क्षणी दार मोडून खोक्कस आत घुसतात. या प्रसंगाची रचना अत्यंत सूक्ष्म आहे: संकट ओढवते ते दुष्टपणामुळे किंवा भित्रेपणामुळे नव्हे, तर झोपेने जड झालेल्या मुलाच्या हातून सहज घडेल अशा चुकीमुळे, आणि अंथरुणात पडून ही कथा ऐकणाऱ्या मुलाची अवस्थाही नेमकी तीच असते. जागा झालेला नीलकमल खोक्कसांचा संहार करतो. ज्या रक्तामुळे तो परका ठरतो, तेच रक्त त्या घराचे रक्षण करते.

पुढे दोघे राक्षसांच्या देशात जातात, तेव्हा तेथील म्हातारी राक्षसी नीलकमलला नातू मानून जवळ घेते. राक्षसांचा जीव मात्र त्यांच्या देहात नसून गांधीलमाशांच्या रूपात डबीत जपलेला असतो. देहाबाहेर ठेवलेल्या प्राणाची ही कल्पना लोककथांत दूरवर पसरलेली आहे, आणि राक्षसाचा जीव पोपटात असल्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या मराठी मुलांना ती नवी वाटणार नाही. नीलकमल तो जीव हस्तगत करतो, राक्षसकुळ नष्ट होते आणि अखेरीस राक्षसी राणीचाही अंत होतो.

आजोळ आणि आई गमावलेल्या नीलकमलच्या दुःखाविषयी कथा काहीच बोलत नाही. स्विस अभ्यासक माक्स ल्यूथी यांनी १९४७ साली युरोपीय लोककथेविषयी लिहिताना, अशा कथांतील पात्रांना आंतरिक खोली नसते, असे प्रतिपादन केले आणि त्या निकषाने हे मौन शैलीचा भाग ठरेल. हे स्पष्टीकरण येथे अपुरे वाटते, कारण भावासाठी आईवर धावून जाणाऱ्या मुलाची माया रंगवणाऱ्या या कथेला नात्यांची ओढ चांगलीच ठाऊक आहे, आणि म्हणून नातवाला जवळ घेणाऱ्या म्हातारीचा प्रसंग लांबण म्हणून गाळला, तर मुलांच्या हाती केवळ राक्षसवधाची गोष्ट उरते आणि त्या वधासाठी नीलकमलने मोजलेली किंमत नाहीशी होते.