पानापर्यंत पोचणारा उजेड



पुसद-उमरखेडच्या पट्ट्यात केळी लावणाऱ्या शेतकऱ्यांना टिश्यू कल्चरची रोपं नवीन नाहीत. या रोपांनी पहिला उजेड पाहिलेला असतो तो दिव्याचा. बंद खोलीत मांडण्यांवर काचेच्या बाटल्या असतात, वर दिवे असतात, आणि साधारण 16 तास उजेड, 8 तास अंधार असा त्यांचा नेम असतो. पुढे ती शेडनेटमध्ये उन्हाला सरावतात आणि मग आपल्या वावरात येतात. घरातल्या कुंडीसाठी असाच दिवा कसा करावा, ते आज सांगणार आहे.

यवतमाळात उजेडाला काय तोटा, असं तुम्ही म्हणाल. पण मे महिन्यातलं आपलं घर आठवा. एका खिडकीत कूलर, दुसरीला जाड पडदा, दाराला वाळ्याची ताटी. बाहेर ऊन डोळ्यांत खुपतं आणि आत कोपऱ्यातलं झाड उजेडावाचून उपाशी राहतं. ज्यांची सांदवाडी जाऊन फ्लॅट आला, त्यांच्या झाडांना तर हा उपास बारमाही आहे.

आपल्या डोळ्यांना तो कळत नाही. उजेड कमी झाला की डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि आपलं काम भागतं. भर दुपारी गच्चीवर उजेड 1 लाख लक्सच्या आसपास असतो. खोलीत आत तो काहीशे लक्सवर येतो. पेपर दोन्हीकडे वाचता येतो. झाडाला मात्र एकीकडे जेवण आहे आणि दुसरीकडे नुसता वास.

आमची तुळस दोन वर्षांपूर्वी फ्लॅटमधल्या बैठकीत आली. महिन्याभरात तिची दोन पेरांमधली लांबी वाढली, पानं बारीक आणि फिकट झाली, शेंडा खिडकीकडे झुकला. मी बाजारातून जांभळ्या उजेडाचा एक तयार दिवा आणला आणि चार फुटांवर टांगला. फरक पडला नाही. कारण नंतर कळलं. लहान दिवा दुप्पट लांब नेला की पानावर पडणारा उजेड निम्मा होत नाही, जवळजवळ चौथाईवर येतो. शिवाय जांभळ्या उजेडात पानाचा पिवळेपणा दिसत नाही, मावा दिसत नाही. झाडाचं दुखणं झाकलेलंच राहतं.

मग ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून दिवा करून घेतला. दोन फुटांची ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर पांढऱ्या एलईडीच्या रांगा, मधे थोडे लाल एलईडी, सोबत एलईडीला बेताची वीज पुरवणारा चांगला ड्रायव्हर. सगळं मिळून 40 वॅट. पान लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, हे खरं. पण पांढऱ्या एलईडीच्या पोटात निळाच एलईडी असतो. वरच्या पिवळ्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. त्यामुळे निळा वेगळा लावावा लागला नाही. हा निळा एलईडी साधायला शास्त्रज्ञांना कित्येक वर्षं लागली. आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी 2014 चं नोबेल मिळालं.

ॲल्युमिनियमची पट्टी मात्र टाळू नका. एलईडी समोरून गार वाटतो, पण पाठीमागून तापतो. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच इतकी तापलेली असते की ती उष्णता वाहून नेली नाही तर दिवा लवकर मंदावतो.

दिवा दोरीने टांगला, शेंड्यापासून एक फुटावर. झाड वाढलं की दोरी वर ओढायची. मोबाइलवरच्या लक्स मोजणाऱ्या ॲपमध्ये आधी 200 दिसायचे, आता 10 हजारांच्या वर दिसतात. मोबाइलचं माप अंदाजाचं असतं, पण आधी आणि नंतर ताडून पाहायला ते पुरतं. दीड महिन्यात नवी फूट आली, तिची पेरं आखूड होती आणि पान चुरगळलं की वास पूर्वीसारखा हाताला राहत होता.

आता खर्च. रोज 13 तास लावला तर महिन्याला साडेपंधरा युनिट पडतात. आपल्या जिल्ह्यात जूनचा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, त्यावरून मी हे तास धरले. टायमर लावला की विसरायचा प्रश्न नाही.

आणि रात्र राहू द्या. अंधार हीसुद्धा झाडाची गरज आहे. शेवंतीला मोठी रात्र मिळाली तरच ती कळी धरते. रात्रभर दिवा ठेवाल तर नुसती पानंच वाढतील. आमच्याकडे संध्याकाळी सातला तो दिवा विझतो आणि मग तुळशीपाशी निरांजन लागतं.

दिवा घेण्याआधी एवढं करा. कुंडी खिडकीशी नेता येते का, ते बघा. फुकटचं ऊन पहिलं. तसं जमत नसेल तर नव्या फांदीची पेरं बोटाने मोजा. ती जुन्यांपेक्षा लांब असतील, तर तुमचं झाड उजेड मागतं आहे.