जात्यावरचा आवाज

माळशेज घाटाच्या वाटेवरच्या टोकावड्यात आणि आसपासच्या पाड्यांवर पीठ आता गिरणीतून येतं. तरी लग्नाची हळद दळायला जातं निघतं, आणि त्याबरोबर म्हाताऱ्या बायांच्या तोंडी ओवीही.

अशा ओव्यांचं मोल अभ्यासक गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी ओळखलं. पुण्याहून त्यांनी उभारलेल्या संग्रहात हजाराहून अधिक गावांतल्या लाखाहून जास्त ओव्या आहेत. संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल यांच्यामुळे १९९०च्या दशकात १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणही झालं. आज त्यातलं काही ‘परी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतं. त्यात कोंबडं आरवतं, लेकरू मध्येच रडतं, बांगड्या किणकिणतात. मला स्टुडिओतल्या सफाईदार लोकगीतापेक्षा हेच गाणं खरं वाटतं. ते मुळात कुणाला ऐकवण्यासाठी नव्हतंच! दगडाची फेरी हाच त्याचा ठेका. दम लागला की ओळ थांबते, शेजारीण ती पुढे उचलते.

तुमच्या घरी आजी गात असेल तर तिचंही गाणं मोबाइलवर टिपून ठेवा, पण आधी तिची परवानगी घ्या. पंखा, टीव्ही बंद करा. मोबाइल जमिनीवर ठेवू नका, जात्याची थरथर त्यात शिरते. दोन हात लांब, घडी घातलेल्या गोधडीवर ठेवा. जातं मात्र फिरू द्या. शेवटी तिच्याच तोंडून नाव, गाव, माहेर आणि ओवी कुणाकडून शिकली तेही नोंदवा. लगीनसराईची वाट पाहू नका, या रविवारीच बसा.