पटावरचे नाव आणि बाकावरचे मूल



जून महिना आला की पटाची चिंता सुरू होते. गुरुजी आणि बाई घरोघर फिरतात, नावे लिहून घेतात. पण मूल शाळेत येणे अन् टिकणे हे काय एकट्या गुरुजींच्या हाती असते? सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत हा पट कशाने वाढतो आणि कशाने घटतो, याचा आज विचार करू.

पहिली गोष्ट पोटाची. 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि 1924 साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. वसतिगृहावर त्यांचा एवढा भर का? कारण शाळा असली, तरी गरिबाच्या पोराला तिथे राहायला जागा नव्हती अन् खायला भाकरी नव्हती. हे दुखणे अजून पुरते गेलेले नाही. माण, आटपाडी, जत या दुष्काळी भागांतले मेंढपाळ चाऱ्यासाठी कळप घेऊन बाहेर पडतात. दिवाळीच्या सुमारास कुणी ऊसतोडीला जाते. नाव पटावर राहते, मूल मात्र फडावर! आईबाप गेले तरी पोर आजीपाशी राहून शिकावे, म्हणून हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिची मागणी वेळेवर, गाव रिकामे होण्याआधी करायला हवी. आणि कृष्णाकाठी कोपी टाकून राहणाऱ्या मजुरांची पोरे? 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे, दाखला नाही म्हणून त्यांना शाळेतून परत पाठवता येत नाही.

दुसरी गोष्ट वाटेची. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे नियम म्हणतो. पण पाटण-जावळीच्या डोंगरात किलोमीटर सरळ जात नाही. मध्ये ओढा असतो, रान असते, चार महिने पाऊस असतो. तिथली तरणी माणसे मुंबईला, वाडीत उरतात म्हातारी. शिवाय घरटी पोरेही आता एक-दोनच. मग पट पाच-सहावर आला, तर दोष कुणाला द्यायचा? अशी शाळा मिटली, तर मुलगा कसाबसा दुसऱ्या गावी जाईल, मुलीला मात्र घरचे म्हणतील, "एकटीला कुठं धाडायचं?" सावित्रीबाईंचा जन्म 1831 साली याच सातारा जिल्ह्यात, नायगावी झाला. त्या मुलखात मुलीचे शिक्षण ओढ्याच्या पाण्याने अडू नये.

तिसरी गोष्ट भरवशाची. वाळवा, पलूस, कराड या बागायती गावांत पोटाची अडचण थोडी, शाळाही जवळ. तरी सकाळी पिवळी गाडी येते आणि पोरे इंग्रजी शाळेला जातात. आईबापांना नावे ठेवू नका. आपल्या पोराचे भले व्हावे, हीच त्यांची इच्छा असते. जिल्हा परिषदेच्या शाळेतही 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवतात, हे कित्येकांना माहीत नसते. पण नुसते सांगून भरवसा बसत नाही. पोराने घरी धडा घडाघडा वाचून दाखवला, की शेजारची आई आपण होऊन चौकशी करते. त्यासाठी गुरुजी वर्गात हवेत. एका गुरुजींकडे चार इयत्ता अन् वर कागदपत्रांचे ओझे, अशाने वाचन कसे व्हायचे?

तेव्हा काय करावे? शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा असतो, आणि निम्म्या जागा बायकांच्या. समितीची बैठक सहीपुरती उरकू नका. शिक्षकाची जागा रिकामी असेल, तर ठराव करून वर पाठवा आणि पाठपुरावा करा. आणि शिक्षक मित्रांनो, जूनइतकीच एक फेरी दिवाळीनंतर मारा. कोणते मूल गावात आहे, कोणते गेले, कुठे गेले, हे वहीत टिपा. ते ज्या गावी गेले, तिथल्या शाळेला कळवा.

जूनमधल्या पटाचा आकडा मोठा दिसला, म्हणून समाधान मानू नका. खरी मोजणी माघातल्या एखाद्या सकाळी, बाकावर बसलेल्या मुलांची करावी. ती करायला गुरुजींबरोबर गावातली चार माणसेही शाळेत गेली, तर पुढच्या जूनची चिंता निम्मी हलकी होईल.