महाराजपुऱ्याचा तळ आणि मिराज विमाने



ग्वाल्हेरकरांना लढाऊ विमानाचा आवाज नवा नाही. मोरारपलीकडे महाराजपुऱ्याच्या तळावरून विमान उठले की त्याचा गडगडाट पार लष्करातल्या जुन्या वाड्यांपर्यंत येतो, बोलणारा क्षणभर थांबतो आणि मग अर्धे राहिलेले वाक्य पुरे करतो. विमान दिसते, ऐकू येते. तळ मात्र भिंतीआड राहतो. वास्तविक विमानाची निम्मी कर्तबगारी त्या भिंतीआडच घडते. मिराज-२००० या विमानाच्या इथल्या चार दशकांच्या वास्तव्यातून ही गोष्ट चांगली उलगडते.

पूर्वी हवाई दलात कामांची वाटणी विमानागणिक असे. शत्रूचे विमान आकाशात अडवायचे तर नॅट किंवा मिग-२१, जमिनीवरील लक्ष्यासाठी हंटर, दूरच्या बॉम्बफेकीसाठी कॅनबेरा. ही सारी कामे एकाच विमानाला करता यावीत, ही बहुउद्देशीय लढाऊ विमानामागील कल्पना होय. फ्रान्सच्या दासो कंपनीचे मिराज-२००० हे १० मार्च १९७८ रोजी प्रथम उडाले. पाकिस्तानला अमेरिकेकडून एफ-१६ विमाने मिळणार हे ठरल्यावर भारताने १९८२ मध्ये या विमानांचा करार केला, आणि जून १९८५ मध्ये पहिली विमाने ग्वाल्हेरला आली. ती ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे सोपवण्यात आली. ‘वज्र’ हे नाव त्यांना इथे मिळाले.

त्रिकोणी पंख ही या विमानाची ओळख. असा पंख वेगाला आणि उंचीला अनुकूल, इंधनालाही आत भरपूर जागा. पण उतरताना वेग अधिक ठेवावा लागतो आणि तीव्र वळणात तो झपाट्याने गळतो. जुन्या मिराज-३ ची ही खोड होती. नव्या विमानाच्या रचनाकारांनी ते जाणूनबुजून किंचित अस्थिर ठेवले व तोल सांभाळण्याचे काम संगणकाकडे दिले. वैमानिक दांडा हलवतो तो केवळ आपली इच्छा कळवण्यासाठी. पंखाच्या मागील कडेच्या झडपा किती हलवायच्या, हे संगणक ठरवतो. पोटाखाली पाच आणि पंखांखाली चार अशा नऊ जागी क्षेपणास्त्रे, बॉम्ब किंवा इंधनाच्या टाक्या टांगता येतात. ‘बहुउद्देशीय’ या शब्दाचा अर्थ बव्हंशी त्या नऊ जागांत सामावला आहे. आणि तिथे काय टांगायचे, हे आकाशात ठरत नाही.

१९९९ च्या कारगिल संघर्षात याची कसोटी लागली. २७ मे रोजी दोन लढाऊ विमाने गमवावी लागली, दुसऱ्या दिवशी एक हेलिकॉप्टर पाडले गेले. खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांच्या टप्प्याबाहेर राहून, फार उंचावरून मारा करणे भाग पडले. शिवाय नियंत्रण रेषा ओलांडायची नाही, असा सरकारचा आदेश होता. डोंगरमाथ्यावरची लक्ष्ये पंधरा-सोळा हजार फुटांवर. तिथल्या विरळ हवेत बॉम्बचा मार्ग नेहमीच्या तक्त्यांप्रमाणे राहत नाही. मिराजकडे तोवर प्रामुख्याने हवाई संरक्षणाचे काम होते, आणि लेसरने लक्ष्य टिपणारे इस्रायली उपकरण त्यांच्यावर अजून पुरते रुळलेही नव्हते. ते विमानाशी जुळवणे, बॉम्बना मार्गदर्शक संच जोडणे, मापे पुन्हापुन्हा तपासणे हे काम तंत्रज्ञांनी काही आठवड्यांत उरकले. मिराज विमाने पंजाबातील आदमपूरला हलवली गेली, तेव्हा त्यांच्याबरोबर अवजारे, सुटे भाग आणि माणसेही गेली. म्हणजे तळाचा एक तुकडाच स्थलांतरित झाला.

१७ जून रोजी बटालिक विभागात मुंथो ढालो येथील रसदीच्या छावणीवर साध्याच बॉम्बचा अचूक मारा झाला. २४ जून रोजी टायगर हिलवर लेसर-मार्गदर्शित बॉम्ब पडले. हवाई दलाचे प्रमुखपद त्या वेळी एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस या मराठी अधिकाऱ्याकडे होते. पुढे जुलैच्या आरंभी ते शिखर घेतले ते पायदळाने, आणि रक्त सांडून. विमानांनी त्यांची वाट सुकर केली, इतकेच म्हणणे न्यायाचे ठरेल.

तळाचे रोजचे काम यापेक्षा पुष्कळ नीरस असते. धावपट्टीवरचा एखादा खडा इंजिनात खेचला गेला तर आतली पाती निकामी होतात, म्हणून पट्टी झाडावी लागते, पाखरे हाकलावी लागतात. प्रवासी विमानेही तीच धावपट्टी वापरतात, याची जाणीव प्रवाशांपैकी थोड्यांनाच असेल.

२००० साली हवाई युद्धतंत्राचे उच्च शिक्षण देणारी संस्था जामनगरहून ग्वाल्हेरला आली. २६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट हल्ल्यासाठीही मिराज विमाने इथूनच झेपावली. त्या हल्ल्याच्या परिणामांविषयी दोन्ही देशांचे दावे भिन्न आहेत. नुकसान मात्र युद्धाची वाट पाहत नाही. २८ जानेवारी २०२३ रोजी सकाळच्या सरावासाठी ग्वाल्हेरहून उडालेली एक मिराज व एक सुखोई-३० अशी दोन विमाने मुरैना जिल्ह्याच्या आकाशात अपघातात सापडली. सुखोईचे दोघे वैमानिक वाचले. मिराजमध्ये एकटे असलेले विंग कमांडर परतले नाहीत.

दासोने या विमानांची बांधणी २००७ मध्ये थांबवली. भारताने २०११ मध्ये आपल्या विमानांच्या आधुनिकीकरणाचा करार केला खरा, पण सुटे भाग मिळणे वर्षागणिक कठीण होत गेले. फ्रान्सने निवृत्त केलेली जुनी मिराज विमाने भारताने विकत घेतली ती उडवण्यासाठी नव्हे. त्यांतून उपयोगी पडेल तो भाग काढून घ्यायचा आणि इथल्या विमानांना बसवायचा, यासाठी.